एका अक्षराचा फेर

“औषध जुनें झालें, हवापाणी बदललें, माणसांच्या प्रकृतीहि पूर्वींच्या राहिल्या नाहींत, मग पूर्वींचा गुण कोठून यावा?” असें घरोघरीं बोललें जातें, आणि वडील मंडळींच्या तोंडीं तें इतक्या निश्चयानें येतें कीं पुढें वाद घालण्याची सोय उरत नाहीं. या महिन्यांत आम्ही वाचकांस अशा एका रोगाची हकीकत सांगणार आहों, कीं ज्यावरील औषधाचा गुण खरोखरच गेला. परंतु तो औषध जुनें झाल्यामुळें गेला नाहीं, कीं रोग्याची प्रकृति बदलल्यामुळेंहि गेला नाहीं. रोगाच्या जंतूच्या अंगीं एका अक्षराचा फेर पडला, तेवढ्यानें गेला.

रोग हिवतापाचा. पावसाळ्यांत येऊन दोन दिवस थडथड उडवून जाणारा पाहुणा, एवढीच त्याची ओळख पुष्कळ घरांतून असेल. परंतु २०२३ या एका वर्षांत जगांतील सुमारें ५ लाख ९७ हजार माणसें या तापानें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकीं शेंकडा ९५ आफ्रिका खंडांतील, आणि त्या खंडांतील दर चार मृत्यूंपैकीं तीन पांच वर्षांखालील मुलांचे. तेव्हां अक्षराचा हा विचार पंडितांच्या करमणुकीचा आहे, असें कोणीं समजूं नये.

हिवतापाचा जंतु प्रथम पाहिला तो लाव्हरां नांवाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें, १८८० सालीं, अल्जीरियांतील कॉन्स्टंटाइन या शहरीं. पुढें १८९७ च्या ऑगस्ट महिन्यांत आपल्याच देशांत, सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉस यांस तो डांसाच्या पोटांत आढळला, आणि ताप कोणत्या वाटेनें येतो याचा उलगडा झाला. माणसास पीडा देणाऱ्या या जंतूच्या ज्या जाति आहेत त्यांत फाल्सिपेरम ही सर्वांत घातक. हा जंतु इतका सूक्ष्म आहे कीं आपल्या रक्तांतील एका तांबड्या पेशीच्या आंत तो बिऱ्हाड करून राहतो. परंतु एवढ्याशा देहांतहि एक पोथी आहे. तिचे अध्याय चौदा; त्यांस शास्त्रज्ञ गुणसूत्रें म्हणतात. अक्षरें चारच प्रकारचीं, पण एकंदर भरतात सुमारें २ कोटि ३० लाख. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, आणि अशा शब्दांचीं जीं वाक्यें त्यांचें नांव जनुक. तीं सुमारें ५,३०० आहेत. प्रत्येक वाक्य वाचून जंतु एकेक प्रथिन तयार करतो व त्यावर आपला संसार चालवितो. ही सबंध पोथी शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं वाचून पुरी केली.

पोथी म्हटली कीं नकला आल्या, आणि नकला म्हटल्या कीं लेखकाच्या हातच्या चुका आल्याच. छापखाने नव्हते त्या काळीं प्रत्येक ग्रंथ हातानें उतरला जाई. एखादा लेखकु ‘ध’ च्या जागीं ‘घ’ लिही. पुढचा त्यावरून नक्कल करी, तो ती चूक इमानानें पुढें चालवी. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिच्या पानोपानीं खालीं पाठभेदांच्या ओळी आहेत. ज्या पोथ्यांत एकच चूक त्याच जागीं सांपडते त्या एका मूळ पोथीच्या लेकी असाव्यात, असा कयास या विद्येंत बांधतात. हा कयास वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

जंतूच्या पोथीची नक्कल माणसाच्या देहांत अहोरात्र चालू असते. तापानें ग्रासलेल्या एका रोग्याच्या रक्तांत अब्जावधि जंतु असूं शकतात. इतक्या नकलांतून कोठें तरी अक्षर चुकणारच. बहुतेक चुका निरुपयोगी, कित्येक जंतूला घातक. आतां कल्पना करा, कीं एखाद्या राजानें अमुक एक शब्द असलेल्या सर्व पोथ्या जाळून टाकण्याचा हुकूम केला. ज्या एका प्रतींत तो शब्द लेखकाच्या हातून बिघडला असेल तीच वांचेल, आणि पुढें त्या राज्यांत जेवढ्या नकला होतील तेवढ्या तिच्यावरूनच होतील. औषध हा असाच राजा आहे. जंतु औषधाला ‘सरावतो’ असें आपण म्हणतों, पण तें बोलणें ढिलें आहे. औषध जंतूला कांहीं शिकवीत नाहीं. आधींच चुकलेला जो एखादा असेल त्याचे सर्व भाऊबंद मारून घर त्याच्या हवालीं करतें, इतकेंच.

आतां प्रत्यक्ष हकीकत. आमच्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांनीं जें कडू कोयनेल तोंड वांकडें करून गिळलें, त्याच्या जागीं दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरोक्विन आलें. तें १९३४ सालीं जर्मनींत आंद्रेसाग नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें प्रथम तयार केलें होतें. स्वस्त, बेताच्या मात्रेंत निर्धोक, आणि गुण हटकून. त्याची करामत अशी: जंतु आपल्या रक्तांतील तांबडें द्रव्य खातो, आणि त्या पचनांतून जें विषारी उच्छिष्ट उरतें त्याचे खडे करून तें एका पिशवींत निरुपद्रवी करून ठेवतो. क्लोरोक्विन त्या पिशवींत शिरून खडे होऊं देत नाहीं. मोरी तुंबली कीं घरांत जी दशा होते ती जंतूची होते, आणि आपल्याच घाणींत तो मरतो.

१९५७ च्या सुमारास थायलंड व कंबोडिया यांच्या सरहद्दीवर, आणि पुढें थोड्याच काळांत दक्षिण अमेरिकेंतील कोलंबियांत, क्लोरोक्विन घेऊनहि ताप न हटलेले रोगी आढळूं लागले. १९७३ सालीं आसामांत असे रोगी सांपडले. १९७८ सालीं ही पीडा पूर्व आफ्रिकेंत पोंचली आणि दहा-बारा वर्षांत खंडभर पसरली. सेनेगल देशांत तीन ठिकाणीं मुलांच्या मृत्यूंची वर्षानुवर्षें नीट नोंद ठेविली होती. क्लोरोक्विन निकामी होऊं लागल्यावर तेथें हिवतापानें मुलें मरण्याचें प्रमाण कमींत कमी दुप्पट झालें, आणि एके ठिकाणीं पांचपटीहूनहि वर गेलें. औषध तेंच, मात्रा तीच, आईचा हातहि तोच. आणि मूल हातचें जाई.

चुकलेलें अक्षर कोठें आहे, याचा शोध अमेरिकेंतील वेलेम्स, फिडॉक प्रभृति शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें चालविला. औषधानें मरणारा जंतु आणि न मरणारा जंतु यांचा संकर करून, संततींत गुण कोणत्या अध्यायाबरोबर उतरतो हें त्यांनीं पाहिलें. अध्याय निघाला सातवा. आणि २००० सालीं जनुकहि सांपडलें. त्यावरून होणारें प्रथिन म्हणजे वर सांगितलेल्या पिशवीच्या भिंतींतला जणूं दरवाजा. तें ४२४ कणांच्या साखळीचें असतें. त्या साखळींत ७६ व्या जागीं जेथें लायसिन असावयाचें तेथें थ्रिओनिन येऊन बसलें होतें. मूळ शब्दांत ॲडेनीन हें अक्षर तीन वेळां आहे. त्यांतलें मधलें जाऊन तेथें सायटोसीन आलें, एवढाच तो फेर. याच जनुकांत जवळपास आणखीहि कांहीं फेर बरोबर असतात, परंतु निर्णायक खूण ही. हा फेर झाला कीं दरवाजा औषधाला उलट बाहेर लोटूं लागतो, मोरी मोकळी होते, आणि जंतु सुखानें नांदतो.

ही खूण कितपत भरंवशाची, याची परीक्षा पश्चिम आफ्रिकेंतील माली देशांत झाली. जिमदे या तेथील शास्त्रज्ञानें सहकाऱ्यांसह २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. उपचारापूर्वीं शेंकडा ४१ रोग्यांच्या जंतूंत हा फेर होता. उपचारानंतरहि ज्यांच्या रक्तांत जंतु उरले त्या सर्वांच्या जंतूंत तो निघाला. परंतु याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. खूण असूनहि कित्येक रोगी बरे झाले, आणि त्यांत मोठीं माणसें अधिक होतीं. कारण वारंवार ताप येऊन गेलेल्या देहांत स्वतःचें कांहीं बळ तयार झालेलें असतें. कोवळ्या मुलांस तें नसतें. म्हणजे खूण पाहून अमुक रोग्याचें भविष्य सांगतां येत नाहीं; अमुक देशांत औषध किती दिवसांचें सोबती आहे, तें मात्र सांगतां येतें. शितावरून भाताची परीक्षा हा आपला जुना न्याय येथें लागू पडतो. शंभर रोग्यांच्या बोटांतले शंभर थेंब टिपकागदावर वाळवून प्रयोगशाळेंत धाडावे, आणि चूक कितींत आहे तें मोजावें. औषध गांवोगांव हरल्याची बातमी स्मशानांतून कळेपर्यंत थांबावें लागत नाहीं.

आतां तो पाठभेदांचा कयास. आफ्रिकेंत हा फेर आपोआप उपजला, कीं बाहेरून आला? शास्त्रज्ञांनीं चुकलेल्या अक्षराच्या मागच्या-पुढच्या ओळी ताडून पाहिल्या, आणि २००२ सालीं उत्तर दिलें. आफ्रिकेंतील चुकलेल्या पोथ्यांच्या शेजारच्या ओळी आग्नेय आशियांतील पोथ्यांशीं जुळत होत्या. अर्थात् ती चूक आफ्रिकेंतली नव्हेच; आशियांतल्या एका पोथीच्या त्या लेकी. समुद्र ओलांडून, कोणा प्रवाशाच्या रक्तांतून, ती नक्कल तेथें पोंचली होती. सरहद्दीवरच्या थोड्या गांवांतली उपेक्षा अशी एका खंडाच्या मुलांस भोंवली.

येथवरची गोष्ट खेदाची. पुढची ऐकून मात्र वाचकांस थोडा धीर येईल. आफ्रिकेंतील मलावी या लहानशा देशानें १९९३ सालीं क्लोरोक्विन देणें बंद केलें आणि सल्फाडॉक्सिन व पायरिमेथामिन ही जोडी सुरू केली. त्या खंडांत हें पाऊल प्रथम टाकणारा देश तोच. बंदीपूर्वीं, १९९२ सालीं, तेथें शेंकडा ८५ जंतूंत ७६ व्या जागेचा फेर होता. २००० सालीं तो शेंकडा १३ वर आला. पुढें ब्लँटायर शहरीं तापलेल्या मुलांवर दोन्ही औषधांची तुलना केली, तिचा निकाल २००६ सालीं प्रसिद्ध झाला. नव्या जोडीनें ८७ मुलांपैकीं ७१ जणांत हार खाल्ली होती. टाकून दिलेल्या क्लोरोक्विननें ८० पैकीं केवळ एकांत. असें कां व्हावें? चुकलेल्या अक्षराची जंतूला किंमत मोजावी लागते. औषधाचा धाक असेपर्यंत ती चूक त्याचें कवच. धाक गेला कीं तीच अंगावरचें ओझें. मग कोपऱ्याकानाकोपऱ्यांत वांचून राहिलेले शुद्ध पाठाचे जंतु पुढें सरसावतात. ज्या देशांत दुसऱ्या जातीच्या तापासाठीं क्लोरोक्विनचा वापर चालूच राहिला तेथें हें घडलें नाहीं. आपल्याकडे व्हायव्हॅक्स या सौम्य जातीवर तें आजहि गुणकारी आहे व दिलें जातें. आणि फाल्सिपेरमांत तो फेर टिकून आहे.

तात्पर्य, ही पोथी जंतूची असली तरी तींत आपल्या वागणुकीची नोंद उतरत असते. औषध कसें वापरलें, केव्हां थांबविलें, हें तींत वाचतां येतें. आणि आज तींत जें दिसूं लागलें आहे तें फार काळजीचें आहे.

क्लोरोक्विननंतरचा मोठा आधार म्हणजे आर्टेमिसिनिन. चीनमधील तू यूयू या विदुषीनें चौथ्या शतकांतील एका चिनी वैद्यकग्रंथांत, एक वनस्पति थंड पाण्यांत भिजवून तिचा रस प्यावा असा उल्लेख वाचला, आणि औषधी अंश उष्णतेनें नासत असावा हें ताडलें. कमी उष्णतेवर काढलेल्या अर्कानें काम केलें. १९७२ सालीं शुद्ध द्रव्य हातीं आलें, आणि २०१५ सालीं त्या विदुषीस नोबेल पारितोषिक मिळालें. जुन्या ग्रंथाचें एक वाक्य नीट वाचल्यानें लक्षावधि जीव वांचले, हें आम्हां जुन्या पोथ्यांत रमणाऱ्यांस विशेष गोड वाटतें. हें औषध झपाट्यानें जंतु मारतें, परंतु कांहीं तासांतच देहांतून निघून जातें. यास्तव त्याच्या जोडीस रेंगाळणारें दुसरें एक औषध द्यावें, म्हणजे एकाच्या तावडींतून सुटलेला दुसऱ्याच्या हातीं सांपडेल, असें ठरलें. तथापि आग्नेय आशियांत तें वर्षानुवर्षें एकटें, अर्धवट मात्रेंत, कित्येकदां नकली गोळ्यांतूनहि विकलें गेलें.

फळ ठरलेलें. कंबोडियाच्या पश्चिमेस, पैलीन या गांवीं, जंतु रक्तांतून निघून जाण्यास ८४ तास लागूं लागले. थायलंडमधील तुलनेच्या ठिकाणीं ४८ लागत. ही गोष्ट २००९ सालीं प्रसिद्ध झाली. या वेळचें अक्षर कोठें आहे तें शोधण्यासाठीं एक टांझानियन जंतु प्रयोगशाळेंत पांच वर्षें या औषधाच्या माऱ्याखालीं वाढविला, आणि त्याच्या पोथींत काय बदललें तें पाहिलें. तो धागा धरून कंबोडियांतील रोग्यांचे जंतु तपासले, आणि २०१४ च्या जानेवारींत तेराव्या गुणसूत्रावरचें ‘केल्च’ नांवाचें जनुक पुढें आलें. तेथें मुख्य फेर ५८० व्या जागीं. ज्याच्या अंगीं तो असतो तो जंतु लहानपणीं रक्तद्रव्याचा घास कमी घेतो. औषध जागें होतें तें त्याच घासाच्या पचनानें. म्हणून हा उपाशी राहून वेळ मारून नेतो आणि औषध ओसरलें कीं पुन्हां उठतो. एकाच्यानें मरत नसला तरी जोडीचें औषध शाबूत असेपर्यंत रोगी बहुधा बरा होतो. परंतु सगळा भार त्या दुसऱ्या औषधावर पडतो, आणि कंबोडियांत पिपेराक्विन हें जोडीचें औषधहि पुढें हरलें.

हा फेर क्लोरोक्विनच्या वाटेनेंच आफ्रिकेंत जाईल, म्हणून सर्वांचे डोळे आशियाच्या सरहद्दीकडे लागले होते. २०२० सालीं रवांडा देशांत याच जनुकांत ५६१ व्या जागेचा फेर पसरत असल्याचें प्रसिद्ध झालें. शेजारच्या ओळी ताडल्या तों त्या आशियाशीं जुळेनात! ही आलेली नक्कल नव्हती. ही तेथल्याच लेखकाच्या हातची नवी चूक होती. पाठोपाठ युगांडांत ४६९ व ६७५ या जागांचे फेर आणि एरिट्रियांत ६२२ व्या जागेचा फेर सांपडला. टांझानियांतहि रवांडाचाच फेर आढळला. वेशीवर पहारा ठेवून चोर अडवावा, तर तो घरांतच जन्मलेला निघाला. ज्या खंडांत या तापाचे शेंकडा ९५ बळी पडतात तेथें हें घडावें, यांतील भय निराळें सांगावयास नको.

फरक आहे तो एवढाच, कीं या खेपेस वार्ता आधीं आली आहे. क्लोरोक्विनच्या वेळीं मुलें आधीं गेलीं व अक्षर मागाहून, वीस वर्षांनीं कळलें. आज अक्षर आधीं कळलें आहे, आणि जोडीचीं औषधें आफ्रिकेंत अद्याप बहुतेक ठिकाणीं काम देत आहेत. या अवधींत जोड्या आळीपाळीनें बदलाव्या, एकाच जोडीवर सबंध देश टांगूं नये, तिसऱ्या औषधाची भर घालून पाहावी, असे उपाय तज्ज्ञ सुचवीत आहेत. वेळेवर वाचल्याचा उपयोग होतो याचा दाखला आपल्या देशांतहि आहे. ईशान्येकडील राज्यांत आर्टेसुनेटच्या जोडीच्या सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनला निकामी करणारे फेर जंतूंत सांचले होते, आणि रोगीहि बरे होईनासे झाले होते. तें पाहून २०१३ सालीं त्या राज्यांपुरती जोडीच बदलण्यांत आली.

आतां आमच्या वाचकांचें यांत कर्तव्य काय? प्रयोगशाळा कांहीं आपल्या घरीं नाहीं. परंतु ज्या राजाच्या हुकुमानें पोथ्या निवडल्या जातात त्याचा कारभार थोडासा आपल्या माजघरांतूनहि चालतो. थंडी वाजून ताप आला कीं आधीं रक्त तपासून घ्यावें. शेजारणीनें दिलेली किंवा मागच्या खेपेची उरलेली गोळी देऊं नये. ताप व्हायव्हॅक्सचा कीं फाल्सिपेरमचा हें तपासणींतच कळतें, आणि दोहोंचें औषध निराळें. दिलेलें औषध वैद्यानें सांगितलेल्या शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावें. दुसऱ्या दिवशीं अंग निवतें, मूल खेळूं लागतें, आणि आईला वाटतें, आतां कशाला त्याला कडू पाजा. उरलेल्या गोळ्या डबींत जातात. पण अंग निवालें म्हणजे जंतु संपले असें नव्हे. जे अजून उरले आहेत ते सर्वांत चिवट, आणि शेवटच्या गोळ्या त्यांच्याच वांट्याच्या आहेत.

गडचिरोलीसारख्या आपल्या जंगलमुलखांत फाल्सिपेरम आजहि आहे, आणि डांसाला जिल्ह्याची शीव ठाऊक नसते. तेव्हां ज्या कोणा भगिनीच्या फडताळांत अशी अर्धी राहिलेली पाकिटें असतील तिनें तीं आजच बाहेर काढावीं, आणि पुढच्या तापास डबीकडे न जातां दवाखान्याकडे जावें, एवढीच आमची विनंति आहे.